हिप-हॉप व्हिडिओ, दूरचित्रवाणीवरील

रॅप गीतांवर (तालावर यमकबद्ध ओळी बोलून सादर केलेल्या गीतांवर) चित्रित केलेले आणि प्रामुख्याने दूरचित्रवाणीसाठी तयार झालेले लघुपट. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७०च्या दशकात आकाराला आलेली हिप-हॉप संस्कृती आरंभी वस्तीतल्या पार्ट्यांमधून आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींमधून पसरली. तिचा पेहराव, नृत्य आणि वस्ती दूरवरच्या घरांत प्रत्यक्ष दिसली ती या व्हिडिओंमुळे.

दूरचित्रवाणीवरील पहिला रॅप व्हिडिओ कोणता, याविषयी एकमत नाही. १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्ही या अमेरिकी संगीत केबल वाहिनीच्या संदर्भात ब्लाँडी या रॉक गटाच्या ‘रॅप्चर’चा (१९८१) उल्लेख बहुधा होतो, परंतु त्यात रॅप हा गीताचा केवळ एक भाग असल्याने रन-डीएमसी या रॅप गटाच्या ‘रॉक बॉक्स’ला (१९८४) तो मान देणे अधिक सयुक्तिक वाटते. नियमित कार्यक्रम हा निकष लावल्यास मात्र अग्रमान राल्फ मॅक्डॅनियल्स व लायोनेल मार्टिन यांच्या ‘व्हिडिओ म्युझिक बॉक्स’कडे जातो. साधारणतः १९८३पासूनचा हा कार्यक्रम न्यूयॉर्क शहराच्या मालकीच्या, ३१ क्रमांकाच्या वाहिनीवर लागे. तो घरच्या अँटेनावर फुकट दिसे, आणि केबल परवडत नसलेल्या घरांतील मुलांसाठी हीच बाब निर्णायक होती. मॅक्डॅनियल्स कॅमेरा घेऊन क्लबांत व बागांत जात, तेव्हा जमलेली तरुण मंडळी माइकसमोर येऊन आपल्या मित्रांची आणि गल्लीची नावे पुकारत. एमटीव्हीच्या प्रसिद्धीमुळे या कार्यक्रमाचे श्रेय झाकले जाऊ नये.

कृष्णवर्णीय कलावंतांना एमटीव्ही फार थोडी जागा देते, याविषयी ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांनी १९८३मध्ये त्याच वाहिनीवरील मुलाखतीत जाब विचारला होता. एमटीव्हीचा स्वतंत्र रॅप कार्यक्रम आधी युरोपात, १९८७मध्ये सोफी ब्रॅमली यांच्या निवेदनाने सुरू झाला; ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ ही टेड डेमी व पीटर डॉगर्टी यांची अमेरिकी आवृत्ती ऑगस्ट १९८८मध्ये आली. तिचे निवेदक फॅब फाइव्ह फ्रेडी कलावंतांना त्यांच्याच वस्तीत गाठत. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाबरोबर त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या त्या गटाच्या गावच्या रस्त्यांवरून फेरी मारली. पण त्याच गटाचा, पोलिसांच्या धरपकडीचे चित्रण असलेला व्हिडिओ दाखवण्यास एमटीव्हीने १९८९मध्ये नकार दिला.

बीईटी (ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन) या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीच्या अमेरिकी वाहिनीवर ‘रॅप सिटी’ १९८९मध्ये सुरू झाला. ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ १९९५मध्ये बंद पडला. त्या दशकाच्या उत्तरार्धात दिग्दर्शक हाइप विल्यम्स यांच्या, चेहरे फुगवून दाखवणाऱ्या रुंद भिंगातल्या खर्चिक व्हिडिओंचा प्रभाव वाढला आणि वस्तीच्या चित्रणाची जागा हळूहळू ऐश्वर्याच्या प्रदर्शनाने घेतली.