परसदारचे पक्षीनिरीक्षण (बालशिक्षण)

लहान मुलांना घराच्या आवारातले पक्षी दाखवून, मग त्यांवर कागदकाम, मातीकाम, चित्रे करवून घेण्याची शिक्षणपद्धती. पुण्यात परस उरलेली घरे थोडी, म्हणून गॅलरी, सोसायटीचे आवार किंवा शाळेच्या कुंपणालगतचा शेवगा यांवर भागवावे लागते. ते पुरतेही. कावळा, साळुंकी, चिमणी, बुलबुल, शिंपी, दयाळ, शिंजीर वर्षभर दिसतात, पारवे तर नको तितके. थंडीत धोबी येतो. उन्हाळ्यात तांबटाची टुकटुक दुपारभर चालते.

बहुतेक मुलांना पक्षी पहिल्यांदा भेटतो तो चिऊ-काऊच्या गोष्टीत. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. गोष्ट गोड आहे, पण घरटे म्हणजे पक्ष्याचे राहते घर हा समज तिथेच पक्का होतो. वास्तविक बहुतेक पक्ष्यांना घरटे लागते ते अंडी-पिल्लांपुरते. साळुंक्या आणि कावळे एरवी रात्री झाडांवर थव्याने बसतात. हे नुसते सांगून पटत नाही. पिल्ले उडून गेल्यावर कुंडीतले रिकामे घरटे दिसले, की मूल आपण होऊन विचारते.

हस्तकलेत शिंप्याइतका उपयोगी पक्षी नाही. तो रुंद पानाच्या कडांना चोचीने भोके पाडतो, त्यांतून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओवतो आणि पानाची पुंगळी करून आत मऊ अस्तर घालतो. मुलांच्या हाती पान आणि सुईदोरा दिला की पान हमखास फाटते. मग ती घरटे पाहायला पुन्हा जातात, आणि भोके कडेपासून किती आत आहेत हे तेव्हा कुठे त्यांना दिसते. आधी पाहणे, मग करणे, मग पुन्हा पाहणे हा क्रम महत्त्वाचा. छापील पोपटात रंग भरून मुले फार तर हिरवा खडू ओळखायला शिकतात.

चोचींसाठी चिमटा, सांडशी आणि स्ट्रॉ पुरतात: कशाने ज्वारी उचलता येते, कशाने सरबत पिता येते? शिंजिराची चोच बाकदार का, हे त्यातून उमगते.

पाण्याचे मातीचे परळ उथळ असावे आणि रोज धुवावे. फरसाण, ब्रेड घालू नये. चिमणीच्या पिल्लांना अळ्या-किडे लागतात, म्हणून कुंड्यांवर कीटकनाशक मारणेही टाळावे. वापरातले घरटे हाताळू नये; देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. फेब्रुवारीत जागतिक परसदार पक्षीगणना असते. तिच्यासाठी सलग १५ मिनिटे पाहिले तरी चालते. लहान मुले पक्ष्यागणिक वाटीत एक चिंचोका टाकतात. तोच पारवा दोनदा मोजला का, यावरून होणारी भांडणे मोठ्यांनी मिटवायला जाऊ नये.