'हू'मध्ये नाव नाही म्हणजे सर्व्हरवर कोणीच नाही? साफ चूक

लिनक्सवर 'हू' (who) किंवा 'डब्ल्यू' (w) ही कमांड मारली की कोण कोण लॉगिन आहे ते कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, सांगतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. कर्नलचा इथे काही संबंध नाही हो. या कमांड पारंपरिकपणे युटीएमपी (utmp) नावाची एक साधी फाइल वाचतात, आणि तिच्यात नोंद करायचं काम लॉगिन, एसएसएचडी (sshd, दुरून येणारी एसएसएच लॉगिन हाताळणारा) वगैरे प्रोग्रामचं, म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टरच, कोणी सही न करता आत गेला तर रजिस्टरला काय कळणार?

आता बघा, एसएसएचने टर्मिनल न घेता नुसती एक कमांड चालवली किंवा एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवायची सोय) फाइल ओढली तर माणूस आत असूनही 'हू'मध्ये दिसतच नाही. उलटंही होतं, लॉगिनची प्रोसेस 'किल मायनस नाइन'ने (kill -9) जबरदस्तीने मारली की नोंद पुसायची राहू शकते आणि गेलेल्या माणसाचं भूत दिसत राहू शकतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर तर मसल (musl) या मूळ सी लायब्ररीत युटीएमपीची फंक्शन्स नावालाच आहेत, त्यामुळे यादी रिकामी आली तर घाबरू नका.

खात्री हवी तर 'हू मायनस यू'मधला (who -u) पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'पीएस'मध्ये (ps) शोधा, सिस्टमडी (systemd, सेवा आणि लॉगिन सांभाळणारी प्रणाली) असेल तर तिची 'लॉगिनसीटीएल' (loginctl) कमांड बघा, आणि एसएसएचडीच्या प्रोसेस तर बघाच.