भौतिक नियमांचा भंग

निसर्गातील घटनांच्या मोजमापावरून मांडलेल्या भौतिक नियमाला अपवाद असू शकतो काय, हा भौतिकीतील व विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न आहे. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल तोडला तर दंड वाहनचालकाला होतो, वाहतुकीचा नियम जागच्या जागी राहतो. भौतिकीत याच्या उलट घडते. खात्रीचा एक अपवाद सापडला तरी दुरुस्ती नियमालाच करावी लागते. म्हणून नियम मोडल्याचा दावा आला की आधी मोजमाप तपासले जाते, मग नियम लागू पडण्याच्या अटी आणि अगदी शेवटी खुद्द नियम. बहुतेक दावे शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत.

अटींचे महत्त्व अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सवात चांगले दिसते. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून येऊन गरुड मंडप व पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात शिरतात. सूर्य खाली जाईल तसतशी ती आडवी होतात आणि मूर्तीच्या चरणांकडून मुखाकडे चढतात. हे दोन्ही काळ डिसेंबरातील अयनदिनाच्या अलीकडे व पलीकडे सारख्याच, सुमारे ४१ दिवसांच्या अंतरावर आहेत. दोन्ही वेळी सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेस असल्याने तो क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो. काही वर्षी किरणे गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात. तेव्हा सूर्याचे काही चुकलेले नसते. ढग, धूर, धूळ किंवा वाटेतले बांधकाम आड आलेले असते.

याच प्रसंगी शाळेतला एक नियम मात्र खरोखर मोडतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, असे आपण शिकतो. पण हवेची घनता उंचीनुसार बदलत असल्याने तिरपे किरण वाकतात. क्षितिजाला टेकलेला सूर्य असतो त्याहून सुमारे अर्धा अंश वर दिसतो, म्हणजे भूमितीच्या हिशेबाने तो तेव्हा मावळून गेलेला असतो. सरळ रेषेचा नियम एकजिनसी माध्यमापुरता खरा आहे. अपवर्तनाचा नियम त्याहून व्यापक असून तो इथेही पाळला जातो.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोहोचले की पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. हात कोणी लावत नाही, पण ऊर्जा फुकटची नसते. ती उंचावर साठलेल्या पाण्याची असते. इंधनाशिवाय अखंड चालणाऱ्या यंत्राच्या दाव्यात नेमका हा हिशेब गाळलेला असतो. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराला तो सांगावा लागत नाही, कारण चांगल्या डिझेल इंजिनातही इंधनाच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते, हे त्याला रोज दिसते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(अ) प्रमाणे प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट मिळत नाही. कायद्याने भौतिकीची बाजू घेतल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

मोजमाप फसल्याचे अलीकडचे उदाहरण २०११ मधले. प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही, हा नियम तेव्हा मोडल्यासारखा वाटला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून सुमारे ७३० किमी दूर इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो (द्रव्यातून सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचल्याचे जाहीर झाले. मुख्य दोष एका सैल बसलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीत निघाला.

मोजमाप बरोबर असेल तर नियम वाचवण्याचा एक मार्ग उरतो, तो म्हणजे न दिसणारे काहीतरी मानणे. बीटा ऱ्हासात (अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत) ऊर्जेचा ताळा लागेना, तेव्हा ऊर्जा-अक्षय्यता, म्हणजे एकूण ऊर्जा कायम राहते हा नियम, सरासरीपुरतीच खरी असावी, असे खुद्द नील्स बोर सुचवू लागले. पाउली यांनी १९३० मध्ये त्याऐवजी एक अदृश्य कण सुचवला. तो न्यूट्रिनो १९५६ मध्ये सापडला. हाच मार्ग बुधाच्या बाबतीत चालला नाही. त्याची कक्षा शतकात ४३ कोनीय सेकंद जास्त सरकते म्हणून ल व्हेर्ये यांनी १८५९ मध्ये सूर्याजवळ एक ग्रह कल्पिला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी न्यूटनचा गुरुत्वनियमच बदलला. कोणत्या वेळी कोणता मार्ग बरोबर, हे आधी कळत नाही.

काही नियम मात्र सरळ पडले. निसर्ग डावे-उजवे मानत नाही, हा समतेचा नियम ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये संशयाच्या घेऱ्यात आणला. चिएन-शिउंग वू यांनी अतिथंड कोबाल्ट-६० वर प्रयोग करून दुर्बल आंतरक्रियेत (बीटा ऱ्हास घडवणाऱ्या बलात) तो मोडतो, हे दाखवले. १९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले, वू यांना नाही. हे आजही खटकते. उष्मागतिकीचा दुसरा नियम मुळातच संभाव्यतेवर उभा आहे. एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, आपोआप घटत नाही, असे तो सांगतो; पण मोजक्या रेणूंत, क्षणभर, ती घटू शकते.

कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर यांचे संशोधन याच वादाच्या मध्यभागी होते. १९४८ मध्ये बॉन्डी, गोल्ड आणि हॉइल यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावते, पण त्याची घनता कायम राहते. त्यासाठी नवे द्रव्य सतत निर्माण व्हावे लागते. प्रमाण इतके अल्प की कोणत्याही प्रयोगशाळेला ते दिसू नये. शून्यातून द्रव्य म्हणजे ऊर्जा-अक्षय्यतेचा भंग, हा आक्षेप ठरलेलाच होता. केंब्रिजला हॉइल यांच्याबरोबर काम करताना नारळीकरांनी या आक्षेपाला उत्तर म्हणून निर्मितिक्षेत्राची (द्रव्य निर्माण करणाऱ्या कल्पित क्षेत्राची) गणिती बैठक उभी केली. या क्षेत्राची ऊर्जा ऋण असल्याने द्रव्य जन्मले तरी एकूण बेरीज बदलत नाही.

१९६५ मध्ये पेन्झियस व विल्सन यांना वैश्विक पार्श्वप्रारण (आकाशात सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण) सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे, म्हणजे विश्व अतितप्त व दाट अवस्थेतून प्रसरण पावत आले या सिद्धांताकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली, पण तिला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. तरीही अक्षय्यतेचा आक्षेप स्थिर स्थितीवरच यावा, हे थोडे अन्यायाचे होते. एमी न्यूथर यांनी १९१८ मध्ये दाखवल्याप्रमाणे ऊर्जा-अक्षय्यता ही नियम काळानुसार न बदलण्यावर अवलंबून असते, आणि प्रसरणाऱ्या विश्वात अवकाशाची भूमितीच काळाबरोबर बदलते. ज्या पार्श्वप्रारणाने स्थिर स्थितीला हरवले, त्याचे तापमान सुमारे ३,००० केल्व्हिनवरून आज २.७ केल्व्हिनवर आले आहे. प्रत्येक फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा सुमारे अकराशेपटीने घटली आहे. ती कोणत्याही दुसऱ्या खात्यावर जमा झालेली नाही. अशा विश्वाला एकूण ऊर्जेचा नियम लागूच होत नाही, असे बहुतेक विश्वशास्त्रज्ञ मानतात.