बाबा घरात आहेत की नाहीत?

मावशीच्या स्वयंपाकघरात मधल्या फळीवर एक पितळी डबा असायचा. त्यात वाण्याच्या उधारीची वही, विजेची बिलं आणि कपाटाची किल्ली. काका फौजेत. वार्षिक सुट्टी 60 दिवसांची, तीही सलग मिळेल याची खात्री नाही. ते आले की पहिले चार दिवस मटण, पाहुणे, पारावरच्या गप्पा. पाचव्या दिवशी काका डबा उघडायचे. "खताला एवढे पैसे कसे काय गेले गं?" मावशी हिशेब सांगायची, पण परातीत भाकरी थापताना तिचा हात जरा जोरातच पडायचा. आणि धाकटा मावसभाऊ रात्री अंथरुणात माझ्या कानाशी विचारायचा, "पप्पांची सुट्टी कधी संपते रे?" एवढं विचारून तो तोंडावरून गोधडी ओढून घ्यायचा.

त्या वयात मला वाटायचं, या घरात काहीतरी बिनसलंय. पुढे सैनिकांच्या कुटुंबांवरचं संशोधन वाचू लागलो तेव्हा हा डबा मला तिथं जागोजागी भेटला.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आयोवा राज्यातल्या 135 कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1949 साली तो प्रसिद्ध केला. नवरा युद्धावर जाणं आणि तो परत येणं, या दोन्हींचा घरावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. कवायतीत एक जण बाहेर पडला की बाकीचे सरकून त्याची जागा भरून काढतात. काही कुटुंबांनी नेमकं हेच केलं होतं. बायकोनं सगळा कारभार हातात घेतला, मुलं तिच्या शब्दावर चालू लागली, घर छान उभं राहिलं. पण रांगेत जागाच उरली नव्हती, त्यामुळे अशा घरांना नवरा परतल्यावर जास्त जड गेलं. ताटातूट नीट निभावणं आणि पुनर्भेट नीट निभावणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे हिल यांनी दाखवलं. माणूस सुखरूप घरी आला म्हणजे सगळं मिळालं, असं आपण धरून चालतो. घराचं खरं काम मात्र त्या दिवशी सुरू होतं.

1970च्या दशकात पॉलीन बॉस या संशोधिकेनं याच्या पुढचा प्रश्न हाती घेतला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांची कुटुंबं तिनं अभ्यासली. या घरांत अंत्यविधी झालेला नव्हता आणि माणूसही परत आलेला नव्हता. तो देहानं गेलेला, पण मनानं रोज जेवायला बसलेला. मुलांना शिस्त लावायची तर "बाबांना काय वाटेल" हा विचार, घर विकायचं तर "ते आले तर कुठे शोधतील" हा विचार. घरात कोण आहे आणि कोण नाही, याची सीमारेषाच पुसली गेली की निर्णय अडतात आणि शोकही पुरा होत नाही. बॉस यांनी याला जे नाव दिलं त्याला मराठीत 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल.

हे समजायला व्हिएतनामपर्यंत जायची गरज नाही. 1971च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आणि पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असं मानल्या गेलेल्या 54 भारतीय जवान-अधिकाऱ्यांची यादी आहे. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर कित्येक दशकं त्या पतीचा माग काढत राहिल्या. 2007 साली नातेवाइकांचं एक पथक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आलं, पण हाती ठोस काही लागलं नाही. "आता विसरा" असा सल्ला देणं सोपं असतं. बॉस यांच्या कामाचं मोल मला इथं वाटतं. अशा माणसाच्या मनात दोष शोधू नका, कोड्यात टाकणारी त्याची परिस्थिती आहे, असं त्या सांगतात.

बेपत्ता होणं हे टोक झालं. नेहमीच्या पोस्टिंगचं काय? यावरचा एक मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकी लष्करातल्या जवान-अधिकाऱ्यांच्या अडीच लाखांहून अधिक पत्नींच्या 2003 ते 2006 मधल्या बाह्यरुग्ण नोंदी त्यात तपासल्या. नवरा इराक-अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेलेल्या स्त्रियांपैकी 36.6 टक्के जणींना मानसिक आरोग्याचं किमान एक निदान झालेलं होतं, न गेलेल्यांच्या बाबतीत 30.5 टक्के. काळ वाढला तशी तफावतही वाढली. 11 महिन्यांपर्यंतच्या मोहिमेत दर 1000 स्त्रियांमागे नैराश्याच्या सुमारे 27 केसेस जास्त, त्याहून लांब मोहिमेत 39. झोपेच्या तक्रारींतली वाढ तर 12 वरून जवळजवळ 24 वर गेली.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. दोन्ही गटांतल्या बहुसंख्य स्त्रियांना कसलंही निदान झालेलं नव्हतं. म्हणजे फौजीची बायको म्हणजे खचलेली बाई, असं चित्र साफ चूक आहे. दुसरं, इथं फक्त दवाखान्याची पायरी चढलेल्या मोजल्या गेल्या. न चढलेल्या किती, ते नोंदवहीत येत नाही. आपल्याकडे 'वीरपत्नी', 'वीरमाता' हे शब्द आपण मनापासून वापरतो, पण तो मान डोक्यावर घेतलेल्या बाईनं "मला रात्री झोप येत नाही" असं म्हणायचं कुणाजवळ? आपल्या लष्करी रुग्णालयांतही कुटुंबीयांवर उपचार होतात. नावं झाकून त्या नोंदींचा इतक्याच बारकाईनं अभ्यास व्हावा, असं मला फार वाटतं.

मुलांबद्दलचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांचा आहे. वडील इराक किंवा अफगाणिस्तानला गेले होते एवढ्यावरून मुलांच्या भावनिक-वर्तनविषयक अडचणींत फरक दिसला नाही. फरक दिसला तो वडिलांमध्ये पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या तणावविकाराची लक्षणं होती तिथं. अशा घरांतल्या मुलांमध्ये अतिचंचलता जास्त आढळली, आणि तीही मुख्यतः मुलग्यांत व 11 वर्षांखालच्या मुलांत. या विकारात माणूस सतत सावध असतो, कुकरच्या शिट्टीनंही दचकतो, नाहीतर भावना गोठल्यासारखा बसून राहतो. लेकराला त्यातलं कारण कळत नाही, त्याला फक्त बाबांचा चेहरा दिसतो. बॉस यांच्या मांडणीची ही उलटी बाजू आहे, कारण इथं बाबा देहानं घरात असतात आणि मनानं नसतात.

यावर उपाय काय? अमेरिकेत 'फोकस' नावाचा एक कार्यक्रम लष्करी तळांवर चालवला गेला. त्यातली एक रीत मला फार आवडते. आई, वडील आणि मुलं प्रत्येकानं आपापल्या कागदावर मोहिमेच्या काळाची रेघ काढायची. ज्या दिवसांत बरं वाटत होतं तिथं हिरवा रंग, मग पिवळा, नारिंगी, आणि फारच असह्य झालं तिथं लाल. मग प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीनं ते कागद शेजारी शेजारी ठेवायचे. एकाच घरातल्या, एकाच वर्षाच्या त्या रेघा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि बोलणं तिथून सुरू होतं.

काका आता पेन्शनीत आलेत. परवा गावी गेलो तेव्हा मावशीला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, तुझ्या कागदावर लाल कुठे येईल? मला वाटलं, कारगिल म्हणेल. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "कारगिलच्या वेळी सगळी आळी आपल्या टीव्हीसमोर बसायची रे, तेव्हा सोबत होती. त्यानंतर हे सुट्टीवर आले आणि महिनाभर ओसरीवर नुसते बसून राहिले ना, तिथं लाव लाल."

काका आतल्या खोलीत होते. टीव्हीचा आवाज बंद झाला, पण ते बाहेर आले नाहीत.