सापाच्या विषावरचं ॲन्टीव्हेनम

साप चावल्यावर सलाईनमधून देतात ते औषध म्हणजे ॲन्टीव्हेनम, डॉक्टर लोक एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात. पुणे जिल्ह्यातही हे बनतं, पिंपरीत हाफकिन आणि नारायणगावात प्रीमियम सीरम्स या कंपन्यांत, आणि ते काढतात घोड्यांच्या रक्तातून. पुण्यातली लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट १९६६ला सुरू झाली तीसुद्धा घोड्यांच्या जिवावरच, आधी धनुर्वाताचं सीरम काढायला.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला आधी अगदी थोडं आणि मग हळूहळू वाढवत टोचतात, त्यानं घोडा मरत नाही पण त्याच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिनं, तयार होतात. मग रक्त काढून प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर पातळ भाग) वेगळा करायचा, पेप्सिन हे पचनाचं एन्झाइम घालून अँटीबॉडीचा नको असलेला तुकडा तोडायचा (पेशंटला रिॲक्शन कमी यावी म्हणून), शुद्ध करून सुकवायचं आणि पावडर व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) भरायची.

आता कुठल्या कंपनीचं भारी, तर इथंच खरी गंमत आहे. लेबलवर सगळ्यांचं सेमच असतं, पावडर पाण्यात विरघळवून झालेल्या १ मिलीत नाग आणि घोणसचं ०.६ मिग्रॅ, मण्यार आणि फुरशाचं ०.४५ मिग्रॅ विष निकामी होतं. हे तपासतात उंदरांवर, आणि तेही विष आणि औषध आधीच एकत्र करून ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवून मग टोचतात. जुन्नरच्या शेतात चावलेल्या माणसाच्या अंगात मात्र विष कधीच पसरलेलं असतं आणि औषध मागून येतं, म्हणजे लेबलचा आकडा फार मनावर घेऊ नये. त्यात विष मुख्यतः तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सोसायटीकडून येतं आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, बेंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) यावर बरंच काम झालंय. म्हणून खरी तुलना करायची तर इथल्या सापाचं विष घेऊनच करावी लागेल. सह्याद्रीतला चापडा हा विषारी साप तर या चौघांत नाहीच.

डोस साधारण १० व्हायलपासून, आणि लहान मुलाला पण तेवढाच, कारण साप काही मूल बघून विष कमी सोडत नाही.

घोड्याशिवाय लॅबमध्ये अँटीबॉडी बनवायचे प्रयत्न चालू आहेत. २०२४मध्ये ९५मॅट५ नावाची एक आली, उंदरांवर नाग-मण्यारच्या गटातल्या सापांच्या मज्जासंस्थेवरच्या विषाविरुद्ध चांगली चालली, पण घोणस-फुरशाच्या रक्त बिघडवणाऱ्या विषावर तिचा उपयोग नाही.