सलाईनने ताकद येत नाही

कपाशीची वेचणी संपत आली की खानदेशात गावोगावी ऐकू येतं, "अंगात त्राणच नाही, एक बाटली लावून घेतो." त्या बाटलीत असतं काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. कळण्याच्या एका भाकरीत याहून जास्त मिळतं! लोह नाही, बी-१२ नाही, ड जीवनसत्त्वही नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तर सलाईन जीव वाचवतं, ती गोष्ट वेगळी.

महिनोन् महिने थकवा आणि अंगदुखी असेल तर रक्त कमी असणं, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी पडणं, थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप, मनाची उदासी, काहीही असू शकतं. शाकाहारी माणसाला बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. घरचं सगळं दूध डेअरीला गेलं तर ते कुठून येणार? दिवसभर उन्हात राबूनही ड कमी पडू शकतं, कारण अंग डोक्यापासून झाकलेलं असतं.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी बांधवांनी सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी आधी करावी. त्यातही थकवा येतो, हाडं-सांधे ठणकतात. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.