हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि विदर्भाचा सीमाभाग

निजामाची राजवट संपवून हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील व्हावे, यासाठी तेथील जनतेने १९३८ ते १९४८ या काळात दिलेला लढा. मराठीत तो बहुधा मराठवाड्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण पैनगंगेच्या अलीकडचा उमरखेड-पुसद पट्टा आणि वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका वगळला, तर या लढ्याचे चित्र अपुरे राहते. राजुरा तर १९४८ पर्यंत निजामाच्याच अमलाखाली, आदिलाबाद जिल्ह्यात होता.

वऱ्हाडचे निजामाशी नाते त्याहून जुने आणि गुंतागुंतीचे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला, तो फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच राहिली. १९३६ च्या करारात ती पुन्हा मान्य झाली आणि युवराज आझम जाह याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. इंग्रज जाण्याची वेळ आली तेव्हा निजामाने वऱ्हाडवर हक्क सांगितला. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या माणसाला हैदराबादचा प्रश्न परक्याचा म्हणून बाजूला ठेवता येण्यासारखा नव्हता.

या लढ्याच्या काळातला निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या संस्थानात दीड कोटीवर लोक राहत. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी, तर कारभार व उच्च शिक्षण उर्दूत. सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. जहागीरदारांच्या गावांत वेठबिगार चाले. संस्थानाचे स्वतःचे सैन्य, रेल्वे, टपाल आणि नाणे होते. सीमेवरच्या बाजारात हा फरक हातात येई : अलीकडे इंग्रजी ‘कलदार’ रुपया, पलीकडे निजामाचा ‘हाली’. साधारण ११६ हाली रुपये दिले की १०० कलदार मिळत. एकाच नदीच्या दोन काठांवर सोयरीक असलेल्या कुटुंबांना नाके ओलांडताना करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. या नाक्यांवरचा राग पुढे लढ्याला फार उपयोगी पडला.

चळवळीची सुरुवात सावध होती. १९३७ मध्ये परतूर येथे संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतानाच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना दार उघडले नागपूर विद्यापीठाने. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. विदर्भाने या लढ्याला केलेली ही पहिली मोठी मदत, आणि तिची आठवण आज फारच थोड्यांना आहे.

डोंगरात वेगळीच धग होती. आसिफाबादच्या रानात गोंडांची कसती जमीन वनखाते आणि सावकार काढून घेत होते. कोमराम भीम यांनी ‘जल, जंगल, जमीन’ या हक्कासाठी बंड उभारले. १९४० मध्ये जोडेघाट येथे ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. हीच डोंगररांग पुढे राजुऱ्याकडच्या माणिकगड-जिवतीत येते, आणि गोंड वस्त्यांना तालुक्यांच्या सीमा कधीच कळीच्या वाटल्या नाहीत. सभा-ठरावांच्या चळवळीत हे बंड मोजले जात नाही; ते मोजले पाहिजे.

स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. गावांत मात्र काहीच जैसे थे राहिले नाही. कासीम रझवी याच्या रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेने लूट, जाळपोळ आणि खून सुरू केले. माणसे गुरेढोरे, दाणागोटा घेऊन सीमेबाहेर पडली.

इथून लढा सीमेवरच्या कॅम्पांनी चालवला. उमरखेडचा कॅम्प त्यांतला एक महत्त्वाचा. पैनगंगा ओलांडली की हदगाव, म्हणजे निजामाची हद्द. रात्री टोळी नदी उतरून जाई, करोडगिरी नाका किंवा पोलीस चौकी गाठे, दप्तर जाळी आणि उजाडायच्या आत परते. शिंदीची झाडे तोडून सरकारचे अबकारी उत्पन्न बुडवणे, लेव्हीचे, म्हणजे सरकारी सक्तीच्या वसुलीचे, धान्य न देणे, पाटील-पटवाऱ्यांच्या वह्या पेटवणे ही कामे गावकऱ्यांनीच केली. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये चळवळीसाठी आणण्यात आले. असे धाडस सर्वांना ठाऊक असते. पण कॅम्पातल्या तरुणांना महिनोन्‌महिने भाकरी लागते, जखमीला लपायला कोठा लागतो, निरोप पोचवणारा गुराखी लागतो. हे सगळे सीमेवरच्या खेड्यांनी पुरवले, आणि त्यांची नावे कुठल्याही स्मृतिस्तंभावर नाहीत.

हा लढा राजसत्तेविरुद्ध होता, एका धर्माविरुद्ध नव्हे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर कडक टीका केली, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतरच्या दिवसांत अनेक जिल्ह्यांत मुसलमानांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. मुक्तिसंग्रामाच्या मराठी वृत्तांतांत हा भाग एखाद्या ओळीत उरकला जातो. ते योग्य नाही.

१९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे राज्याचा घटनात्मक प्रमुख, राहिला. त्या वर्षी राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडला गेला. कोरपना व जिवती हे तालुके पुढे त्यातूनच निघाले. उर्वरित विदर्भात १५ ऑगस्ट हाच स्वातंत्र्याचा दिवस असला, तरी राजुऱ्यात १७ सप्टेंबरलाही मुक्तिदिनाचा झेंडा लागतो. जिवतीच्या डोंगरातील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांचा दावा अजून कायम असून तेथील रहिवाशांची नावे दोन्हीकडच्या मतदार याद्यांत आहेत.